मुद्दाम तोडलेला धागा

आज ऑफिसात मी एका सुरळीत चालणाऱ्या प्रोग्रॅममधला एक अर्धविराम मुद्दाम खोडला. माझं कामच ते. लिहिणाऱ्याचं काही चुकलं तर प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा आमचा कंपायलर वेळेवर थांबतो का आणि चूक कुठे आहे ते नीट सांगतो का, हे मी तपासते. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: सतराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला आहे. आणि कुठून कोण जाणे, लूमच्या तेलाचा वास आला.

दोन हजार चार साल असेल. आमच्या निजामपुऱ्यात बाबांच्या चार लूम होत्या, कापड विणणारे यंत्रमाग. सकाळी डबा द्यायला गेले, तर लूम सांभाळणारे हमीदचाचा आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातला चांगला धागा बोटाने तोडत होते. मग त्यांनी लूम चालू केली. खडाड खडाड, दोनच ठोके, आणि ते एवढं लोखंड एका धाग्यासाठी जागच्या जागी थांबलं. बाकीच्या तिघींच्या गोंगाटात तिचं ते गप्प होणं मला छातीत जाणवलं.

"चाचा, चांगला धागा का तोडला?"

"बघाया, थांबते का ती. धागा तुटला तरी चालत राहील, त्या लूमचा भरोसा न्हाय, बेटी." मग लूमच्या लाकडावर थाप मारून म्हणाले, "शाब्बास!"

बंद पडलेल्या मशीनला शाबासकी! मला तेव्हा हसू आलं होतं.

आज लाल ओळ पाहताच माझा हात आपोआप लॅपटॉपवर पडला. "शाब्बास," मी म्हटलं. शेजारचा हसला.