गूळपाणी पिणारा वाफा

राजूरच्या पलीकडे एका तांड्यावर बिजलीबाई राठोड राहते. हात रिकामे ठेवणं तिला जन्मात जमलं नाही. देवळात टेकली तरी पायरीच्या फटीतलं गवत उपटत बसेल, अशी बाई.

तांड्याची विहीर बंद होती. दगडी कोळशाच्या कुठल्याशा जुन्या राखेच्या ढिगातून युरेनियम मातीत उतरलं आणि पाण्याच्या संगतीनं विहिरीकडे निघालं, असं निदान झालं होतं. विहीर सुधारली नाही तर तांडा उठवायचा, असं तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकानं ठरवून टाकलं. 

तिची लेक अंजू नागपूरला मातीतल्या जिवाणूंवर शिकत होती. तिच्या विभागानं ढीग आणि विहीर यांच्या मधला, बिजलीबाईच्याच वावरातला एक वाफा प्रयोगासाठी घेतला. त्यात अंजू गूळपाणी सोडायची.

"कोणाले पाजून राह्यली वं?" आईनं विचारलं.

"मातीतल्या बारीक जीवाइले, याडी. थे गोड खातात, मातीतली हवा संपवतात, मंग युरेनियमले पाण्यातून उतरवून मातीतच बसवतात. थे संपत नाही, फक्त त्याचं चालणं थांबते."

चालणं थांबतं म्हटल्यावर बिजलीबाईला कधी न पाहिलेले पणजोबा दिसले. बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडणारे, आणि एक दिवस याच माळावर ओझं उतरवून बसलेले. मग रोज संध्याकाळी ती वाफ्याशी जाऊन गोर या बंजारा बोलीत त्या न दिसणाऱ्या जीवांची विचारपूस करू लागली. डोळे मिटले की मातीखाली त्यांच्या चुली पेटलेल्या दिसत.

पाण्यातलं युरेनियम उतरू लागलं. आणि एका सकाळी तिला राहवलं नाही. माती घट्ट झालीय, लेकरं गुदमरत असतील, म्हणून तिनं अख्खा वाफा खुरपून भुसभुशीत केला.

पुढच्या तपासणीत युरेनियम पुन्हा वर. अंजूनं वाफा पाहिला आणि भुसभुशीत माती मुठीत उचलली.

"याडी, हवा लागली की थे परत पाण्यात विरघळते नं!"

बिजलीबाई ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून स्वतःच नाईकाकडे गेली. "चूक माही हाय. एक उन्हाळा द्या." त्यानं दिला.

अंजूनं पुन्हा गूळपाणी सोडलं, वरून चिखल लिंपला. वाफ्यात गवत माजलं. बिजली आळशी झाली, असे टोमणे येणारेजाणारे मारत. ती मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून बांधावर बसे.

उन्हाळा सरता सरता युरेनियम उतरलं. पाणी पिण्याजोगं अजून नव्हतं, पण तांडा उठवायचं नाईकानं रद्द केलं. अंजू धावत बांधावर आली.

"याडी, राह्यलो आपण! उठ, घरी चाल."

बिजलीबाई जागची हलली नाही.

"तू जाय पोरी," ती हळूच म्हणाली, "मी उठली त खालचं बी उठन."