रहेमत आयाची जबानी

वाघपूरचे राजे ठाकोरसाहेब यांच्या दरबारगढात, म्हणजे राजवाड्यात, आपण एकदा गेलो होतो, हे रहेमतनं पहिल्याच दिवशी फौजदारासमोर कबूल केलं. तिथंच बाईचं चुकलं, असं वाघपुरात सगळ्यांचं मत पडलं.

रहेमत इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांच्या बंगल्यावर आया होती. नवरा पलटणीत शिपाई. तो पटकीनं गेला. पदरची मुलगी, आयेशा, आईकडे भरूचला ठेवून रहेमत बंगल्यांवर राबली, तिचं लग्न करून दिलं आणि आता मेमसाहेबांची बेबी वाढवत होती. बेबीला झोप लागायची ती रहेमतच्याच मांडीवर. बाई मायेची, पण जिभेची फटकळ. खानसाम्यापासून माळ्यापर्यंत सगळे तिला वचकून असत.

एके सकाळी साहेब घोड्यावरून रपेट करून आले आणि रोजच्यासारखं लिंबाचं सरबत प्यायले. दोन घोटांतच घशाची आग झाली, पोटात मुरडा उठला. पेल्याच्या तळाशी करडा गाळ दिसला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सोमल आहे. साहेब बचावले. पण त्यांचं आणि ठाकोरसाहेबांचं हाडवैर साऱ्या मुलखाला ठाऊक. रयतेच्या गाऱ्हाण्यांवरून साहेबांनी ठाकोरांना गादीवरून खाली ओढायचा चंगच बांधला होता. तेव्हा विष कुठून आलं याचा निकाल लोकांनी त्याच दिवशी लावून टाकला. राहिला होता तो पुरावा, आणि तो गोळा करायला मुंबईहून फौजदार सबनीस आले.

सरबताचा पेला साहेबांपुढे नेणारा नथू हमाल जातीचा कोळी, अंगानं दणकट, मनानं ससा. चौकीत त्याला काय काय केलं हे त्यानं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. पण एक दिवस तो बोलला, 'रहेमतबेन मला दरबारगढात घेऊन गेली. तिथं पुडी दिली.'

रहेमतला बेबीच्या खोलीतूनच उचललं.

"दरबारगढात गेली होतीस?" सबनीसांनी विचारलं.

"गेले होते. राणीला, बासाहेबांना, मुलगा झाला, त्याच्या सहाव्या दिवशी छठीला. मेमसाहेबांना विचारून गेले. वाटेत अंधार होतो म्हणून नथूला कंदील धरायला नेलं."

"आणि तिथं काय मिळालं?"

"मला बांधणीची ओढणी, त्याला सुखडीच्या गोड वड्या."

"सुखडीबरोबर पुडी?"

"सुखडी पानात बांधून दिली होती, फौजदारसाहेब. नथूनं वाटेतच संपवली. त्यात सोमल असता तर आज तुम्हाला नथूच मिळाला नसता."

हवालदार फिसकन हसला. सबनीसांनी त्याच्याकडे पाहताच त्यानं मिशीवरून हात फिरवला.

खजिन्यामागच्या कोठडीत तिला ठेवलं. सबनीसांनी तिच्या अंगाला हात लावला नाही. मेमसाहेबांची आया, उद्या साक्षीला उभी राहायची. अंगावर वळ दिसून चालणार नव्हतं. पण रोज येऊन ते तीच गोष्ट तिला लहान मुलाला शिकवावी तशी शिकवत. ठाकोरसाहेब स्वतः जिन्यात भेटले, म्हणाले, साहेबाचा काटा काढा, जन्माची ददात मिटेल. "एवढं म्हण आणि सूट. माफीची साक्षीदार होशील. नाहीतर काळं पाणी. तुझ्या जावयाची नोकरी रेल्वेत आहे ना?"

"आहे की. तो विष कालवायला आला होता असंही म्हणायचंय का?"

"आया, तोंड सांभाळ."

"तेच तर सांभाळतेय, साहेब."

मेमसाहेब येतील अशी तिला आशा होती. त्या आल्या नाहीत. खानसाम्याकडून कळलं की बेबीला दार्जिलिंगला मावशीकडे धाडलं. त्या दिवशी रहेमतनं भाकरीला हात लावला नाही.

मग दुसऱ्या बाजूनं निरोप आला. दरबारगढातली म्हातारी दासी मोंघीबा कोठडीवर फळं घेऊन आली. ठाकोरसाहेबांनी विलायतेहून बॅरिस्टर आणवला होता. त्याचा निरोप असा, तू दरबारगढात पाऊलच टाकलं नाहीस असं म्हण. म्हणजे नथूची गोष्ट मुळातूनच उखडते.

"पण मी गेले होते, मोंघीबा. तूच तर मला पाणी दिलंस."

"अगं वेडे, मी कुणाला सांगणार आहे? ठाकोरसाहेब सुटले तर तुला सोन्यानं मढवतील."

"आणि उद्या कुणी मला खोटं पाडलं, तर पुडीचंही खरंच धरतील. तू जा. फळं पण ने."

"इकडे नाही म्हणतेस, तिकडेही नाही. मग तू आहेस तरी कुणाची?"

रहेमतनं फळं तिच्याकडे परत सरकवली. म्हातारी गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि खूप वेळ रडली. पण मोंघीबा पुन्हा आली तेव्हाही तिनं तेच सांगितलं.

चौकशीला सरकारी कमिशन बसलं. समोर गोरे साहेब, शेजारी बाहेरचे दोन राजे, मागे मुंबईचे वार्ताहर. रहेमतनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कुराणावर हात ठेवला. सरकारी वकिलानं विचारलं, दरबारगढात कोण भेटलं? सबनीस खिडकीशी उभे होते. ती त्यांच्याकडे न पाहता बोलली.

"छठीला गेले होते. बांधणी मिळाली. ठाकोरसाहेबांना मी जन्मात जवळून पाहिलेलं नाही. ते जिन्यात भेटले ही गोष्ट मला या फौजदारांनी शिकवली. आणि मी गेलेच नाही असं म्हण, हे दुसऱ्यांनी शिकवलं. मला दोन्ही पाठ आहे. म्हणून दाखवू का?"

दुभाष्या अडखळला. अध्यक्षांनी पुन्हा विचारायला लावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आवाज जरा चढवून.

"मग विष कुणी घातलं?"

"ते मला ठाऊक नाही, साहेब."

"नथू तुझं नाव का घेतो?"

तिनं नथूकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता, उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती. "त्याचा हात बघा," ती म्हणाली, "आणि त्यालाच विचारा."

नथू तिथंच हुंदके देऊ लागला.

कमिशनात दोन तट पडले. गोरे एकीकडे, राजे दुसरीकडे. ठाकोरसाहेबांवरचा विषाचा आळ शाबीत झाला नाही. तरी गैरकारभाराचं निमित्त करून सरकारनं त्यांना गादीवरून काढलंच. नथूला सक्तमजुरी झाली. पेला त्याच्या हातातला होता, कुणीतरी आत जायलाच हवं होतं. रहेमतला सोडून दिलं, पण चांगल्या चाकरीची चिठ्ठी मिळाली नाही. चिठ्ठीशिवाय तिला एकाही बंगल्यानं उभं केलं नाही. ती भरूचला आयेशाकडे गेली आणि बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालू लागली. जावयाची नोकरी टिकली. सबनीसांची धमकी पोकळ निघाली.

पुढल्या ईदेनंतर ती अहमदाबादच्या तुरुंगावर गेली. आयेशानं खूप अडवलं. "ज्यानं तुला फासावर चढवायचं तेवढं बाकी ठेवलं, त्याला भेटायला?"

"त्याच्या आईला चालवत नाही. दुसरं कोण जाणार?"

गजांपलीकडे नथू आला, निम्मा होऊन. तिला पाहून त्यानं कपाळ गजाला लावलं. "रहेमतबेन, मला माफ कर. मी बायला निघालो."

"हात दाखव."

त्यानं दाखवला. तिनं एकेक बोट दाबून पाहिलं. "तिळाचं तेल चोळ. मिळतं का इथं?"

"नाही."

"मी जेलरला सांगते."

"तो ऐकायचा नाही, बेन."

"सबनीस ऐकत होता का?" असं म्हणून ती उठली आणि जेलरच्या दाराशी जाऊन बसली. शिपायानं दोनदा हटकलं तरी ती जागची हलली नाही. दुपार कलली तेव्हा जेलर वैतागून बाहेर आला, आणि तेलाची कुपी आत गेली.