भासऱ्यांसमोरचा पदर

आमच्या घरी पक्षांचे दुपट्टे मी धुते. रंग जातो म्हणून ते वेगळे भिजवावे लागतात. भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावानं, पंधरा वर्षांत चार पक्ष केले, पण दुपट्टा एकही टाकला नाही. कधी कोणता लागेल, काय भरवसा!

वॉर्ड बायकांसाठी राखीव सुटला तेव्हा त्यांनी माझ्या नावानं फॉर्म भरला. मला विचारलं नाही. विचारणार कसे? आमच्यात भासरे धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नाहीत. ते समोर आले की तिनं डोक्यावरचा पदर सावरायचा आणि खाली बघायचं. जे काही असेल ते भासरे भिंतीकडे बघून नवऱ्याला सांगणार, "तिले सांग." मग नवरा तेच, त्याच खोलीत, मला पुन्हा सांगतो.

प्रचाराला मात्र मीच फिरले. दारोदारी बायका ओटी भरत. आमच्या वॉर्डात आलेल्या तांड्यावर नळ नव्हता, बायका लांबच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत. तिथल्या एका म्हातारीनं तांदूळ-नारळानं माझी ओटी भरली, गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता तू आमची लेक झाली. लेकीनं मायले पानी पाजलं पाह्यजे." मी हो म्हटलं. आयुष्यात मी स्वतःहून दिलेला तो पहिला शब्द.

निवडून आले. नगरपंचायतीच्या सतरा जणांत आमचे नऊ, समोरचे आठ. आमच्या पॅनेलची बाई अध्यक्ष झाली की पहिली पाइपलाइन तांड्याला, असं तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. अध्यक्ष निवडायच्या दिवशी सकाळी भासरे भिंतीला म्हणाले, "तिले सांग, आपुन तिकडं चाललो. हात त्याइच्यासाठी वर करजो म्हना."

"काहून?" मी नवऱ्याला विचारलं.

"दादानं ठरवलं," एवढंच त्याचं उत्तर. मी चहा गाळत होते. मनात म्हटलं, खड्ड्यात जा. हात माझा आहे.

सभागृहात अधिकाऱ्यांनी आधी समोरच्यांच्या उमेदवाराचं नाव पुकारलं. आठ हात वर झाले. माझे दोन्ही मांडीवर, घट्ट. तेवढ्यात भासरे खिडकीत येऊन उभे राहिले आणि खाकरले. माझा उजवा हात पदराकडे गेला. वीस वर्षं जातो तसाच.

"नऊ," अधिकारी म्हणाले.

"साहेब, मी पदर घेतला, मत नाही दिलं," मी म्हटलं, पण इतक्या हळू की शेजारणीलाच ऐकू गेलं. ओरडता आलं असतं. उभं राहता आलं असतं. पण भासरे खिडकीत होते, म्हणून मी खाली बघत बसले. गावात म्हणतात, बाई विकली गेली. मला भासऱ्यांचा राग येतोच, त्याहून जास्त त्या मेल्या हाताचा येतो.

संध्याकाळी नवा दुपट्टा नवऱ्याच्या हातून आला. "तिले सांग, गळ्यात घाल." घातला. पाइपलाइन हायवेकडच्या, भासऱ्यांनी विकायला पाडलेल्या प्लॉटांच्या लेआउटला गेली. तिथं अजून एक घर नाही, नळाखाली गुरं पाणी पितात.

काही महिने मी तांड्याकडे फिरकले नाही. मग एकदा गेले, सगळं खरं सांगायचं ठरवून. म्हातारी सुनेबरोबर ओट्यावर बसली होती. मला बघून ती उठली. तिनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिनं डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढला, खाली बघितलं आणि सुनेला म्हणाली, "तिले सांग, पाजाले पानी नाही घरात."