मामांनी दिलेला चार्ज

चालू यंत्राला एकटं सोडून उठणं यापेक्षा मोठं पाप जगात नाही, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या बायकोचे मामा. साखर कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. पुढच्या पाळीचा माणूस येऊन ‘चार्ज’ घेईपर्यंत, म्हणजे यंत्र त्याच्या हवाली होईपर्यंत, जागेवरून हलायचं नाही, हा तिथला दंडक. निवृत्त होऊन निमगाव केतकीला आले, तरी तो काही सुटला नाही. मिक्सर चालू असताना मामी दार उघडायला निघाल्या, की हे आधी येऊन मिक्सरवर हात ठेवणार आणि “घेतला चार्ज, जावा” म्हणणार. मामी टीव्ही चालू ठेवून शेजारी गेल्या, तर त्या परत येईपर्यंत त्यांची नावडती मालिका इमानेइतबारे बघत बसणार.

मागच्या वर्षी त्यांना विसर पडायला लागला. एकदा इंदापूरच्या स्टँडवर घरची एसटी कुठली, हेच आठवेना. घरातली सगळी यंत्रं त्यांच्याच डोक्यात, त्यामुळे मामी धास्तावल्या. “जावईबापू, ध्यानात हाय तवर लिहून काढतो. हिला कळाया पायजे,” मामा म्हणाले. मी बारामतीत संगणक शिकवतो. त्यांच्या जुन्या संगणकावर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं आणि लिहायला दिला व्हिम, म्हणजे मजकूर लिहायचा, जाणकारांचा लाडका एडिटर. माझा शहाणपणा नडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींचा फोन आला. “सकाळधरनं हलंना झाल्यात. जेवान बी तितंच दिलं.” मी पहिली एसटी धरली. मामा पडद्यासमोर ताठ बसले होते. एडिटरमधून बाहेर पडता येईना, आणि संगणकाचं बटण बंद करून उठणं तत्त्वात बसेना.

“ह्यात शिरायला दार हाय, भाईर पडायला न्हाय. आन चार्ज घ्यायला बी कुणी येईना,” ते म्हणाले.

हसू दाबत मी त्यांना सोडवलं आणि नॅनो नावाचा दुसरा, साधा एडिटर उघडून दिला. त्यात कुठली कळ दाबली की काय होतं, ते पडद्याच्या तळाशी कायम लिहिलेलं असतं. मामांनी ते दोनदा वाचलं. “ह्यो शाना हाय. इसरणाऱ्याला लाजवत न्हाय.”

मग रोज एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं सुरू झालं. बोअरची मोटर कशी चालू करायची, मिस्त्री कुठला बोलवायचा, गोळ्या कधी घ्यायच्या. आणि नॅनोचं बघून प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ: अडलं तर जावईबापूंना फोन.

परवा गेलो, तर माझ्याकडे बघत मामांनी मामींना हळूच विचारलं, “ह्ये पाव्हणं कोण?” टाकी भरायची वेळ झाली होती. मामींनी संगणक लावला, फाइल उघडली, वाचून घेतलं आणि जाऊन मोटर सुरू केली.

“चार्ज घेतला का?” मामांनी विचारलं.

“घेतला. बसा तुमी भाईर वाऱ्याला.”

मामा उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. मोटर चालू होती, पण त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.