डावीकडे वळलेले खांब

प्रयोगशाळेत सगळे त्यांना साचेकाका म्हणत. काम ऐकायला गमतीचं. लोखंडाची पिठासारखी पूड पातळ रबरात कालवायची, साच्यात ओतायची आणि चुंबकाशेजारी ठेवून घट्ट होऊ द्यायची. रबर ओलं असेतो पूड चुंबकाकडे तोंड करते आणि तशीच आत अडकून बसते. मग साच्यातून निघतात केसाहून बारीक असे हजारो खांब. चुंबक जवळ आणला की सगळे ठरल्या बाजूला वाकतात, काढला की पुन्हा ताठ. पुढेमागे यातूनच शरीरात नेमक्या जागी औषध पोचवता येईल, असं प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणत. काका म्हणत, पोचेल तेव्हा पोचेल, आधी रबरातले बुडबुडे जाऊ देत.

बावीस वर्षांत त्यांचा एकही साचा वाया गेला नव्हता. मोबाइलमध्ये चुंबक असतो, तेव्हा तो टेबलाजवळ आणू नये, ही पाटी त्यांनीच लावलेली. त्यावरून नव्या पोरांना ते फाडून खात. घरीसुद्धा डोकं साच्यातच. मुलीच्या वाढदिवसाला दर वर्षी दुपारी तीच फोन करायची, "बाबा, विसरलात ना?" आणि हे जीभ चावायचे. बायको गेली तेव्हा मात्र मुलीने हसण्यावारी नेलं नाही. आई दवाखान्यात होती आणि तुम्ही तिकडे रबर ढवळत होतात, कामावर असताना आमची एकदा तरी आठवण आली का, असं तोंडावर विचारून ती दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेली. आठ महिने झाले, फोन नाही. काकाही हट्टाला पेटलेले. जीव तिळतिळ तुटत होता, पण पठ्ठ्याने नंबर काही लावला नाही.

यंदा तिचा वाढदिवस त्यांना सकाळी डोळे उघडल्यापासून आठवत होता. दुपारी फोन येईलच, या आशेवर त्यांनी मोबाइल खिशातून काढून टेबलावर ठेवला, साच्याला अगदी खेटून. रबर घट्ट होईपर्यंत दोन तास ते पडद्याकडे बघत बसले. फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चुंबक जवळ आणला. खांब उजवीकडे वाकायला हवे होते. सगळेच्या सगळे डावीकडे वळले. साच्याच्या डाव्या बाजूला काय होतं, असं मॅडमनी विचारलं. काका पाटीकडे बघत राहिले.

"माझा फोन," ते शेवटी म्हणाले.

मॅडम रागावल्या नाहीत, तुकडा टाकून द्या म्हणाल्या. काकांनी तो डबीत घातला, जिन्यात गेले आणि मुलीला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. या वेळी तिने उचलला.

"कामात चूक झाली माझ्या हातून," ते म्हणाले.

"तुमच्या हातून? कशी?"

"काल फोन टेबलावर ठेवला होता. तुझा येईल म्हणून. सगळे खांब तिकडेच वळले."

लहानपणी त्या टेबलाला नुसता हात लावला म्हणून तिने धपाटे खाल्ले होते.

"टाकून दिलात?" तिने विचारलं.

"नाही. डबीत आहे."

"ठेवा. रविवारी येते मी बघायला."