मोठ्यात मोठा नंबर

गडदे सरांची आणि माझी ओळख दुष्काळानं करून दिली. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि आपलं शहर मात्र रोज नव्या वसाहतीचा नारळ फोडत होतं. टँकरच्या फेऱ्या ठरवणाऱ्या कार्यालयात मी नवा. सर संगणक कक्षाचे प्रमुख. मशीन एकच, युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं. कोणत्या कामाला आधी वेळ द्यायचा, हे ते ‘नाइस’ नावाच्या आकड्यावरून ठरवी.

“नाइस म्हणजे सज्जनपणा,” सरांनी समजावलं. “आकडा जितका मोठा, तितकं काम सज्जन. आन सज्जन तितकं रांगेत मागं.”

हे मशीन मराठवाड्यातच बनलं असणार, अशी माझी खात्री पटली.

एका सकाळी फेऱ्यांचं वेळापत्रक निघेना. मोठ्या साहेबांचा रंगीत अहवाल मशीन अडवून बसला होता. बाहेर टँकरचे हॉर्न. कागद निघाला नाही, तर ज्याचा वशिला त्याच्या दारी पाणी, आणि टेकडीमागची वस्ती कोरडी.

“सर, अहवाल मारून टाकू.”

“मारायचा कशाला?” सर पाचोडकडच्या मेंढपाळ घरातले. “हौदावर माजलेला एडका घुसला तर त्याला कापता व्हय? शिंगं धरून मागं सारायचा. सगळ्यांचं झालं की पितो त्यो बी.”

तेवढ्यात साहेबच आले. “गडदे, माझ्या कामाला मोठ्यात मोठा नंबर द्या!”

“देतो साहेब. एकोणीस. याच्यावर नंबरच नाय.”

“शाब्बास!”

साहेब चहाला गेले, अहवाल सज्जन झाला आणि वेळापत्रक बाहेर पडलं. दुपारी अहवालही निघाला. आपल्याला एकोणीसचा मान आहे, असं साहेब पुढं कितीतरी दिवस सांगत.

उणे आकडा देऊन काम पुढं काढण्याचा अधिकार एकट्या सरांकडे होता. मागायला बडेबडे येत; सर चहा पाजून त्यांना परत पाठवत. स्वतःच्या कामासाठी तर त्यांनी तो कधीच वापरला नाही. माझ्या लेकीच्या बारशाला मात्र ते रिक्षातून पाण्याचे दोन कॅन घेऊन आले. तसा आहेर पुन्हा कोणी केला नाही.

साहेबांना एकोणीस मिळाला त्या दिवशी टेकडीमागं टँकर पोचला, तेव्हा एका आजीनं चालकाला विचारलं म्हणे, “आज कोणाची पुण्याई रं बाबा?”

“मशीनची, आजी!”

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त ही चूक दुरुस्त करतो. आजी, पुण्याई आमच्या गडदे सरांची. तीच त्यांना ठणठणीत प्रकृतीनं शंभरीपार नेवो.