मातेचा एका रात्रीचा मुक्काम

मी गाव सोडलं तेव्हा टेम्पोत एक कपाट, दोन पलंग आणि शिवणयंत्र होतं. बायकोच्या मांडीवर भिंतीवरून उतरवलेला क्रूस होता. अंतर आठ किलोमीटर. वसईच्या पश्चिमेकडच्या आपल्या वाडीतून नालासोपारा पूर्वेला, तुळिंजला. घराच्या वाटण्या झाल्या होत्या, माझ्या वाट्याच्या एका खोलीत दोन मुलं वाढवणं शक्य नव्हतं, आणि परवडणारा फ्लॅट तिकडेच होता. त्याच महिन्यात चुलतभाऊ कॅनडाला गेला. त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा झाली, वाजंत्री झाली, जेवणाच्या दोन पंगती उठल्या. माझ्यासाठी काका कुंपणावर हात टेकून म्हणाला, "रेल्वे लायनीपलीकडं देव हाय का रे?" सगळे हसले. फक्त बाबा हसले नाहीत. "मिस्सा चुकवू नको," म्हणाले आणि गुरांकडे वळले.

गावातल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, दर सणाला तुम्ही विचारता, "घरी परत कधी येणार? आपल्या माणसांत?" एकदा नीट उत्तर देतो.

गावात श्रद्धा आपल्याला सातबाऱ्यावर मिळाली होती. विहिरीतला हिस्सा, माडाची झाडं, आणि चर्चमधला डावीकडचा बाक. बाप्तिस्मा झाला, कम्युनियन झालं, दृढीकरण झालं, लग्न झालं, आणि कबरीची जागाही ठरलेली. एवढ्या वर्षांत मला एकानेही विचारलं नाही की बाबा, तुझा विश्वास नेमका कशावर आहे. विचारलं असतं तर मी चर्चच्या भिंती किती जुन्या आहेत ते सांगितलं असतं. तुम्ही आजही तेच सांगता. भिंती जुन्या आहेत हे खरं आहे. त्या तुम्ही बांधलेल्या नाहीत हेही खरं आहे.

तुळिंजला आमचं चर्च म्हणजे मधल्या भिंती पाडून एक केलेले तीन गाळे. वर पत्रा, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, शेजारी जिम. शांततेच्या क्षणी पलीकडे वजनं आदळतात. माणसं सगळीकडची: मंगळूरची, गोव्याची, नगरची, तमिळ, झारखंडची. कामणच्या गोदामात मी आवक-जावक बघतो, त्यामुळे पहिल्या रविवारी सवयीने मोजदाद केली. आपल्या पश्चिमेकडची माणसं शंभरात वीसही नव्हती. पण आमच्या सोसायटीतल्या प्रार्थनेच्या समूहाचं पुढारपण त्या विसातल्याच एकाकडे होतं.

ते ग्रेगरी सर. निवृत्त शिक्षक, आपल्याच पलीकडच्या गावचे. कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून ते 'आध्यात्मिक प्रौढता' शिकवत. पडद्यावर चित्रं दाखवत. प्रौढतेच्या सात पायऱ्या होत्या आणि सर स्वतः सहाव्या पायरीवर होते. सातवी संतांसाठी सोडली होती, एवढी नम्रता त्यांच्यात होती. आम्हा बाकीच्यांना त्यांनी दोन ते चारच्या दरम्यान बसवलं होतं.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मरियामातेची मूर्ती समूहातल्या घरोघर फिरते. संध्याकाळी सगळे एका घरी जमतात, जपमाळ म्हणतात, घरवाले उकडलेले चणे आणि चहा देतात. मूर्ती रात्रभर तिथेच मुक्कामाला राहते. दुसऱ्या संध्याकाळी त्या घरची माणसं ती हातात घेऊन पुढच्या घरी पोचवतात. त्या वर्षी सुमनताईंची पाळी पहिल्यांदा आली होती.

सुमनताई नगर जिल्ह्यातल्या. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर गावकुसाबाहेर होतं. एवढं कळलं की आपल्या लोकांना पुढचं सगळं कळतं. आपले पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी बाटले, त्यांचे शंभरएक वर्षांपूर्वी. मधल्या काळात आपण काय मिळवलं, तर जात न विसरता जपमाळ म्हणण्याची कला.

ताईंनी भिंतीला नवा रंग दिला होता. मूर्तीसाठी टेबलावर लग्नातला शालू अंथरला होता. जपमाळ झाली. चहाचा ट्रे बाहेर आला आणि खोलीत साथ पसरली. अठरा माणसं होतो, त्यातल्या चौदा जणांना मधुमेह झाला.

"शुगर आहे हो ताई."

"मला पण. डॉक्टर ओरडतात."

"बिनसाखरेचा टाकते की," ताई म्हणाल्या. "दोन मिन्टं लागत्यात."

"नको नको, त्रास कशाला!"

"मग चने तरी घ्या."

"गॅस होतो."

आदल्या संध्याकाळी याच माणसांनी ग्रेगरी सरांच्या घरी गुलाबजाम खाल्ले होते. काहींनी दोनदा मागून.

मग सर माझ्याकडे वळले. मूर्तीची पुढची पाळी माझी होती. "मूर्ती आजच तुमच्याकडे न्या. इथे जागा कमी पडते. मातेचा मान राखला पाहिजे."

आमच्या सोसायटीतले सगळे फ्लॅट एकाच मापाचे आहेत. सरांचाही, ताईंचाही. मी हे बोलायच्या आत सुमनताईच बोलल्या. आवाज चढला नव्हता, पण हात शालूच्या काठावर घट्ट होता.

"सर, माता गोठ्यात बाळंत झाली. माझ्याकडं तर लादी हाय. एक रात राहू द्या तिला."

सर माझ्याकडे बघत राहिले, मी मूर्ती उचलणार म्हणून. मला बाबांचं एक वाक्य आठवलं. भाऊबंदकीच्या भांडणांत ते म्हणत, "पानी प्याचं नाय तं पायरी चढू नको." बाबा हे नातेवाइकांबद्दल म्हणत. गावकुसाबाहेरची पायरी तेही कधी चढले नव्हते.

मी म्हणालो, "माझी पाळी उद्या. आज मी चहा पितो." बसलो. बायकोही बसली, तिने चण्यांची वाटी ओढली. दोघं-तिघं चुळबुळत थांबले, बाकीचे निघाले. जिन्यात सरांनी मला गाठलं. "तुम्ही समूहात फूट पाडता. ही प्रौढता नाही." पुढच्या रविवारपासून मिस्सेत शास्त्रपाठ वाचणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. मी बहुधा पहिल्या पायरीवर उतरलो होतो.

मूर्ती त्या रात्री सुमनताईंकडे राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी ताई ती घेऊन आमच्या दारात आल्या, नवरा मेणबत्ती धरून पुढे. एरवी अशा वेळी सगळा समूह गात बरोबर चालतो. त्या दिवशी मागे तीन माणसं होती. माझी आय तेव्हा गावाहून राहायला आलेली. ती मूर्तीच्या पाया पडली, जपमाळ तिने सगळ्यांहून मोठ्या आवाजात म्हटली. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच मला विचारलं, "कोन हाय ती?" मी सांगितलं. आयने चहा ओतला. आमच्या सगळ्यांसाठी कपबशा, ताई आणि त्यांच्या नवऱ्यासाठी कागदी कप.

मी बघत राहिलो. सरांसमोर फुटलेलं तोंड आयसमोर उघडलं नाही.

ताईंनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग उठल्या, मोरीत गेल्या, तो कागदी कप विसळला आणि आमच्या मांडणीत, कपबशांच्या शेजारी, उपडा ठेवला. "येते, आय," म्हणाल्या आणि गेल्या. आय गावी जाईपर्यंत तो कप मांडणीत तसाच राहिला. तिने उचलला नाही, मीही नाही.

यंदाही माता ताईंकडे मुक्कामाला होती. मधुमेहींची संख्या घटली आहे, शून्यावर आलेली नाही. मी आमच्या तरुण फादरांना सगळं सांगितलं होतं, शाबासकी मिळेल या हिशेबाने. ते म्हणाले, "चहा प्यायलात, छान केलंत. आता ग्रेगरी सरांना मनात शिव्या घालणं थांबलं की मला येऊन सांगा." अजून गेलेलो नाही.

गावच्या चर्चला तीन दरवाजे आहेत. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याला टाळून माणूस जन्मभर मिस्सा ऐकू शकतो. काका आणि बाबांनी तेच केलं. इथे एकच शटर. ग्रेगरी सर नेमके माझ्या पुढच्या खुर्चीवर बसतात. मिस्सेत एकमेकांना शांती चिंतायची वेळ आली की वळतात आणि हात जोडतात. मीही जोडतो, पण आत शिवी तयार असते. दोन खुर्च्या सोडून सुमनताईही त्यांना हात जोडतात. त्यांच्या चेहऱ्यावर मी शिवी शोधली आहे, सापडली नाही.

म्हणून सणाला येईन, जेवेन आणि संध्याकाळी परत निघेन. तुमच्या त्या बाकावर माझी जागा ठेवू नका. मला ग्रेगरी सरांपुढे एकदा खरे हात जोडायचे आहेत, आणि ते काम तुळिंजलाच होणार आहे. ते होईपर्यंत माझं घर तिथे.